विंच होती, झाड नव्हतं

प्रार्थना संपली आणि चर्चच्या आवारात वाद सुरू झाला. हातात चहाचे कप होते, बशीत नारळाच्या किसात घोळवलेल्या केकचे तुकडे होते, आणि प्रश्न एकच होता: पास्टर नॉस्केंच्या ट्रकला, रुतल्यावर ओढून काढायला, कुठली विंच बसवायची?

"तारेची," रॉस पेख म्हणाला. हॅरोज वेल गावात मेकॅनिक एकच, तो रॉस. "पोलादी तार. खडकावर घासली तरी ढिम्म."

"आणि तुटली तर?" ओल्गा झ्वारनं विचारलं. ती चर्च समितीची अध्यक्ष, देहानं भारदस्त आणि मतानं त्याहून. "तुटली तर माणसाचं मुंडकं उडवते ती. त्यापेक्षा तो नवा कृत्रिम दोर घ्या. वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो."

"इथं पाणी कुठंय तरंगायला, ओल्गा?"

"पास्टर जिथं रुततात तिथं असतं."

सगळे हसले. पास्टर मॅनफ्रेड नॉस्केही हसले, पण कसंनुसं. कारण ते कुठं रुतले होते आणि कधी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात माउंट मर्सी फार्मचा म्हातारा आर्थर मिबस वारला. दफनविधीला पास्टर निघाले, बायको व्हर्ना निघाली, ट्रकच्या हौद्यात व्हर्नाची पायपेटी निघाली, आणि तिघंही तव्यावर अडकली. तवा म्हणजे फार्मच्या वाटेवरची ती मोठी सपाट चिकणमाती. झाड नाही, झुडूप नाही. कोरडी असली की तव्यासारखी कडक, आणि पाऊस झाला की त्याच तव्यावर कुणी धिरड्याचं पीठ ओतलंय असं वाटावं. पास्टर दिवसभर चिखलात, आणि तिकडे आर्थरला त्याच्या मुलानं, लेस्टरनं, पुस्तकातून वाचून निरोप दिला.

आता मिबस मंडळी माणसं लाख मोलाची, पण गळा कुणालाच नाही. आणि पास्टर नॉस्के म्हणजे काय गळा! त्यांचं निरूपण ऐकायला त्या उजाड मुलखातले लोक अर्धा दिवस गाडी हाकत येत. बोलता बोलता त्यांचा आवाज हलकेच वर सरके, व्हर्नाचे पाय पेटीच्या भात्यावर पडत, आणि शब्दाचं गाणं कधी झालं ते कळायचंही नाही. मेंढ्यांची लोकर कातरणारे रांगडे गडी टोप्या चुरगळत डोळे पुसायचे. अशा माणसाच्या आवाजाविना आर्थर मातीत गेला. आर्थरच्या बायकोनं, डॅगमारबाईंनी, पास्टरांचा माफीचा फोन शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही." त्या तीन शब्दांमुळे पास्टरांना वर्षभर नीट झोप लागली नव्हती.

आणि आता लेस्टरला मुलगा झाला होता. नाव ठेवायचं होतं आजोबांचंच, आर्थर. बाप्तिस्मा फार्मवर, आणि डॅगमारबाईंचा निरोप एवढाच: "पेटी घेऊन या. याल ना?"

त्या "याल ना"मुळे विंच ठरली होती. ट्रक रुतला की विंचेचा दोर समोरच्या झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, आणि ट्रकनं स्वतःच्या नाकानं स्वतःलाच बाहेर ओढायचं. इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट समितीपुढं गेली.

महिन्याभरात चर्चमध्ये दोन पंथ झाले. तारवाले डाव्या बाकांवर बसू लागले, दोरवाले उजव्या. प्रार्थनेच्या मध्ये एकमेकांचे हात हातात घेऊन "तुला शांती लाभो" म्हणायची रीत आहे. ते सगळे दात आवळून म्हणू लागले. पास्टरांनी ऐक्यावर एक सुरेख निरूपण केलं. मंडळी विरघळली. बाहेर येताना ओल्गा डोळे टिपत रॉसला म्हणाली, "ऐकलंस? दोरासारखं एकत्र विणलेलं असावं, असं म्हणाले पास्टर."

"विणलेली तारही असते, बाई," रॉसही डोळे टिपतच म्हणाला.

शेवटी व्हर्नानं मध्यम मार्ग सुचवला. "आधी ताकद किती पाहिजे ते तर ठरवा. मग तार की दोर ते बघा."

हे सर्वांना पटलं. नियम सोपा होता: पूर्ण भरलेल्या ट्रकचं जे वजन, त्याच्या दीडपट विंचेची ताकद. म्हणजे ट्रक मोजायला हवा. गावाबाहेर गव्हाच्या कोठारापाशी मोठा वजनकाटा होता, तिथं सगळी वरात निघाली.

"पूर्ण भरलेला म्हणजे पूर्ण भरलेला," ओल्गानं बजावलं. "मागून तक्रार नको." त्यामुळे हौद्यात सगळं चढलं. पायपेटी, गाण्यांच्या पुस्तकांची खोकी, पाण्याचे कॅन, स्टेपनी, फावडं, तंबू, फार्मवरच्या बायकांसाठी मुरांब्याच्या बरण्या. उतारावर पेटी सरकू नये म्हणून ओल्गा तिच्यावर बसली. ओल्गा एकटी काय सांगेल या काळजीनं रॉस चढला. रॉस चढला म्हणून त्याची कुत्री चढली. उरलेली समिती वाद अर्ध्यावर सोडायला तयार नव्हती, म्हणून तीही हौद्याच्या फळ्यांवर दाटीवाटीनं बसली. ट्रक काट्यावर जाऊन उभा राहिला. वर तार की दोर चालूच होतं. खिडकीतल्या माणसानं आकडा वाचून दाखवला.

सगळ्यांनी वाकून खिडकीकडं पाहिलं.

"अरे देवा," रॉस म्हणाला. "पास्टर, हे घेऊन तू फिरत होतास? रुतशील नाही तर काय!"

"पेटी जड आहे थोडी," पास्टर ओशाळून म्हणाले.

"आकडा खोटं बोलत नाही," ओल्गा पेटीवरूनच म्हणाली. "आता याच्या दीडपट काढा."

दीडपट काढल्यावर कळलं, की चारचाकीच्या विंचांमध्ये एवढ्या ताकदीची एकच मिळते, आणि तिच्यावरच्या मग जहाजांनाच लावतात. एवढ्या ताकदीला दोर चालेल का, यावर ओल्गानं पहिल्यांदाच दोन क्षण विचार केला. त्या दोन क्षणांत रॉसनं मतदान उरकलं. तार जिंकली.

विंच आली. चार गड्यांनी उचलून गॅरेजात आणली. तिचं ओझं पेलायला पुढं बुलबार, म्हणजे जाडजूड लोखंडी कठडा, लागला. तिची भूक भागवायला दुसरी बॅटरी लागली. सगळं बसवून रॉस मागं सरकला, आणि मंडळींनी पाहिलं तर ट्रकचं नाक खाली गेलेलं. जमिनीवर पडलेलं नाणं शोधत असल्यासारखा तो ट्रक दिसू लागला. मग पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले. नवे पाटे आणखी जड.

"पण आता कायद्याच्या वजनात बसतोय का हा?" व्हर्नानं विचारलं.

रॉसनं काट्यावरचा जुना आकडा घेतला, त्यात विंच, तार, बुलबार, बॅटरी, पाटे मिळवले आणि शीळ घातली. "कसला बसतोय! पोलिसांनी धरलं तर ट्रक तिथंच अडकवून ठेवतील. सामान कमी करायला लागेल, पास्टर."

"पुन्हा काट्यावर घेऊन जाऊ या का?"

"सुगी चालू आहे, काट्यावर गव्हाच्या गाड्यांची रांग लागलीय. आणि कशाला? बेरीज मला येते."

मग चर्चच्या हॉलसमोर ट्रक उभा करून समितीनं सामान उतरवायला घेतलं. ओल्गा पुढं उभी.

"फावडं?"

"विंच आहे ना आता," रॉस म्हणाला. "फावडं कशाला?"

फावडं उतरलं.

"रुतल्यावर चाकाखाली घालायच्या या फळ्या?"

"विंच आहे ना आता."

फळ्या उतरल्या.

"मागचा ओढायचा आकडा? पोलादी आहे, केवढं वजन त्याचं!"

"विंच पुढं आहे. मागून कोण कशाला ओढेल?" आकडा सुटला.

"स्टेपनी?"

इथं रॉस जरा थांबला. "टायर चारही नवे आहेत," तो म्हणाला. "आणि स्टेपनीएवढं जड दुसरं काही नाही. एकदाच जायचंय." स्टेपनी घरंगळत हॉलमध्ये गेली. पाण्याचे कॅन गेले, तंबू गेला, घोंगड्या गेल्या.

"पेटी?" ओल्गानं हळूच विचारलं.

व्हर्नानं हौद्याची फळी उघडली, वर चढली आणि पेटीशेजारी बसली. "उतरवा की. पण दोघींना एकदमच उतरवा."

पेटी राहिली.

बाप्तिस्म्याच्या दोन दिवस आधी पाऊस पडला. फार नाही, आठवण करून देण्यापुरता. रविवारी सकाळी ऊन लखलखीत होतं, आणि पास्टर कधी नव्हे ते गाडी चालवताना गुणगुणत होते. तव्याच्या अलीकडं खडीची टणक जमीन आहे. तिथं थांबून त्यांनी पुढं पाहिलं. वरची साय वाळून फुटली होती, भेगा पडल्या होत्या. पलीकडच्या काठावर फार्मचं फाटक दिसत होतं, आणि फाटकाशी माणसं. इतक्या दुरूनही काळ्या टोपीवरून डॅगमारबाई ओळखू येत होत्या.

"सुकलंय," पास्टर म्हणाले.

"वरून," व्हर्ना म्हणाली.

जुना ट्रक त्या सायीवरून अलगद गेलाही असता. पण हा नाक खाली घातलेला ट्रक! पुढची चाकं खडीवरून उतरली मात्र, आणि ट्रकनं बुलबारापर्यंत तोंड खुपसलं, तहान लागल्यासारखं. मागची चाकं ओल्या खडीवर गरगर फिरली आणि जागीच राहिली.

पास्टरांनी दार उघडून खाली पाहिलं.

"हरकत नाही," पास्टर म्हणाले, आणि ते शब्द स्वतःच्याच कानांवर पडताच दचकले. "म्हणजे... विंच आहे ना आता."

ते उतरले. तार मोकळी केली, आकडा हातात धरला आणि आजूबाजूला पाहिलं. डावीकडं क्षितिज. उजवीकडं क्षितिज. समोर चिखल, त्यापलीकडं डॅगमारबाई. त्यांनी उपग्रहाच्या फोनवरून गावात फोन लावला.

"झाडाला बांध," रॉस म्हणाला.

"झाड नाहीये, रॉस. तव्यावर झाड कधी होतं?"

"मग स्टेपनी पुर जमिनीत. खड्डा खणायचा, स्टेपनी आडवी पुरायची, तिला तार बांधायची. एक नंबर होतं."

"स्टेपनी तू काढलीस."

"हां." थोडा वेळ फोनमध्ये नुसती खरखर. "आणि खणायला फावडंही..."

"तेही."

"मग मागून कुणाला तरी..."

"मागचा आकडा हॉलमध्ये आहे."

"पास्टर," रॉस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू प्रार्थना कर. तुझी पोचते लवकर. मी आकडा घेऊन निघतो, पण दुपार उलटेल बघ मला पोचायला."

व्हर्ना दरवाजात बसून चिखलाकडं बघत होती. एकदम म्हणाली, "मॅनी, त्या दिवशी काट्यावर ओल्गा कुठं बसली होती?"

"पेटीवर."

"आणि रॉस?"

"तिच्या शेजारी."

"कुत्री?"

पास्टरांचे ओठ हलत होते. ते बेरीज करत होते.

"आणि बाकीची समिती?" व्हर्नानं विचारलं. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईतो. "अगं आई गं! आपण समितीसकट मोजलं! समिती ओढून काढायची विंच घेतली आपण!"

पास्टरांना हसू आलं नाही. त्यांनी पलीकडं पाहिलं. काळी टोपी तशीच उभी होती, हलत नव्हती. "दुसऱ्यांदा, व्हर्ना," ते म्हणाले. "त्याच बाईच्या दारात. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

पलीकडून लेस्टर निघाला. आपल्या पिकअपमधून, कोट-टाय घालून. त्याला वाटलं, आपण हलके, आपण येऊ. तव्याच्या मधोमध आला आणि चारही चाकं बसली. लेस्टरनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखल तुडवत ट्रकपाशी आला.

"शुभ प्रभात, पास्टर."

"लेस्टर, बाबा, मला माफ..."

"ते मग. तुझ्या तारेला झाड पाहिजे ना? माझा पिकअप झाड समज. चांगला रुतलाय. त्याला बांधू आणि तुला ओढू."

हे बिनतोड होतं. लेस्टर तार घेऊन गेला, पिकअपला बांधली. पोलादी तारेवर काहीतरी जड कापड टाकावं लागतं, तुटलीच तर उसळू नये म्हणून. घोंगड्या हॉलमध्ये. पास्टरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपला काळा झगा तारेवर पसरला. बटण दाबलं. विंच हुंकारली, तार ताणली, आणि झगा थरथरू लागला.

ट्रक तसूभरही हलला नाही. पिकअप मात्र चिखलातून सुटला आणि मुकाट्यानं पास्टरांकडं यायला लागला. रिकामा पिकअप, पुढं झगा लोंबतोय, मागून लेस्टर अनवाणी धावतोय. नाकापाशी आल्यावर तिघांनी धक्का मारून तो बाजूनं खडीवर चढवला.

"अहो," व्हर्ना म्हणाली, "ही ओढते की!"

"ओढते," पास्टर कडवटपणे म्हणाले. "मला सोडून सगळ्यांना."

लेस्टर ट्रकच्या मागं वाकून पाहून आला. "मागं बांधायला काहीच नाही रे. आकडा कुठंय?" त्याला सांगितलं. मग तो पिकअपमधल्या रेडिओवर घरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण पलीकडून डॅगमारबाईंचा आवाज खणखणीत आला: "ओढते ना ती? मग झालं. पास्टरांना येता येत नसेल तर आपण जाऊ."

"आई, तुझी गाडी..."

"तार आहे ना त्यांच्याकडं? गेल्या वर्षी नव्हती."

आणि तवा कधी बघितला नव्हता असा सोहळा सुरू झाला. आधी बुटक्याचा ट्रक निघाला. बुटक्या हा लेस्टरचा मेव्हणा, सव्वासहा फूट उंच. या मुलखात टोपणनाव असंच ठेवायचं. त्याच्या ट्रकमध्ये एरवी मेंढ्या, आज बाकं, भाजलेल्या मांसाचे डबे, बटाट्याचं सॅलड आणि शेजारच्या फार्मवरची वीसेक माणसं. मधोमध रुतला. लेस्टरनं तार बांधली, झगा टाकला, विंच हुंकारली. मेंढ्यांचा तो धिप्पाड ट्रक माणसांसकट, डब्यांसकट, डुलत डुलत आला.

"समितीचं वजन बरोबर मोजलं होतं म्हणायचं," व्हर्ना पुटपुटली.

मग जॉयलीन, लेस्टरची बायको, तिच्या गाडीतून बाळाला घेऊन. बाळ सबंध वाट झोपलेलं. काठावर आल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा रडलं. माणसांना आता गोडी लागली होती. कुणी धक्का मारत होतं, कुणी तार नीट गुंडाळली जातेय का पाहत होतं, बायका चिखलाच्या पायांनी बाकं मांडत होत्या. फक्त पास्टर बटणाचा डबा हातात घट्ट धरून उभे होते. कारण पलीकडं आता एकच गाडी उरली होती.

डॅगमारबाईंची गाडी जुनी, लांबलचक, क्रीम रंगाची. आर्थरची. त्या स्वतः चालवत होत्या. गाडी आली, रुतली, तार बांधली गेली. पास्टरांनी बटण दाबलं.

विंच ताकदीची असली तरी घाईची नसते. गोगलगायीच्या चालीनं गाडी येऊ लागली. डॅगमारबाई ताठ बसलेल्या, काळी टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर थेट समोर. आणि समोर कोण, तर पास्टर. ना पास्टरांना तोंड फिरवता येत होतं, ना बाईंना. मध्ये ताणलेली तार, तारेवर काळा झगा. पास्टर कपाळाचा घाम पुसत होते.

अर्ध्या वाटेवर बाईंनी काच खाली केली.

"पास्टर!"

"जी, डॅगमारबाई!" इंजिनाच्या आवाजामुळे दोघांनाही ओरडावं लागत होतं.

"आर्थरला पुरलं तेव्हा आम्ही कुठलं गाणं म्हटलं, माहितीये?"

"नाही हो! कळू द्या!"

"मलाही नाही माहीत! प्रत्येकजण वेगळंच म्हणत होता!"

बाकांवर कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकलं. लेस्टरनं मान खाली घातली.

"बाई, मी त्या दिवशी इथंच होतो! याच जागी! दिवसभर! मी पोचायला..."

"थांबवा ते यंत्र!"

"काय?"

"यंत्र थांबवा म्हणते!"

पास्टरांनी बटण सोडलं, इंजिन बंद केलं. तव्यावर एकदम इतकी शांतता झाली, की गाडीखाली चिखलाचे बुडबुडे फुटलेलेही ऐकू आले. डॅगमारबाई चिखलाच्या ऐन मध्यावर, आपल्या जागी बसून राहिल्या. आता ओरडायची गरज नव्हती.

"वर्षभर लोक मला समजावतायत," त्या म्हणाल्या. "पास्टर रुतले होते, त्यांचा काय दोष. मला कळत नाही होय? दोष नव्हताच हो तुमचा. पण कान रिकामे राहिले माझे. त्याला काय करू?" त्यांनी टोपी सरळ केली. "आता मला हलता येत नाही आणि तुम्हालाही नाही. कुणाला कुठं जायचं नाही. तेव्हा आर्थरचं गाणं म्हणा. मग ओढा मला. बाळाचं मागून."

पास्टरांनी मागं वळून पाहिलं. व्हर्ना आधीच हौद्यात चढून पेटीसमोर बसली होती. नाक खाली गेलेल्या ट्रकमुळे पेटी पुढं कलली होती, म्हणून बुटक्यानं ती खांद्यानं तोलून धरली. भात्यावर पाय पडला.

सुरुवातीला दोन ओळी खरवडल्यासारख्या आल्या. मग पास्टरांनी डोळे मिटले, आणि तो आवाज आला, जो ऐकायला लोक अर्धा दिवस गाडी हाकत येत. सबंध तव्यावर अडवायला एक झाड नव्हतं. आवाज जिथवर जायचा तिथवर गेला. दुसऱ्या कडव्याला मंडळी उभी राहिली. तिसऱ्याला मिबस घराणं त्यात सामील झालं, प्रत्येकजण आपापल्या सुरात. पण पेटी आणि पास्टर दोघांनी मिळून त्या सगळ्यांना पोटात घेतलं. जुन्या क्रीम गाडीत डॅगमारबाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसल्या होत्या, कुठंतरी लांब चालल्यासारख्या, आणि त्यांचे गाल ओले होते.

गाणं संपलं. बाईंनी रुमालानं नाक पुसलं, काच वर केली आणि बोटानं खूण केली: ओढा.

बाप्तिस्मा झाला. तव्यावर सगळीकडं चिखल, पण वापरण्याजोगं पाणी थेंबभर नव्हतं; शेवटी जॉयलीननं बाळासाठी उकळून आणलेल्या बाटलीतलंच घेतलं. पास्टरांच्या अंगावर झगा होता, तो निम्मा काळा, निम्मा चिखलानं तांबडा. डॅगमारबाईंनी बाळाला त्यांच्या हातात देताना फक्त एवढंच विचारलं, "हात तरी धुतलेत का?" आणि त्या वाक्यात पास्टरांना जी क्षमा ऐकू आली, ती त्यांनी पुढं बऱ्याच निरूपणांत सांगितली.

जेवणं झाली तेव्हा रॉस पोचला. आकडा, फावडं, स्टेपनी आणि ओल्गासकट. ओल्गानं ट्रक पाहिला, त्यामागं खडीवर उभ्या चार गाड्या पाहिल्या, चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेली, बशा हातात घेऊन बसलेली मंडळी पाहिली.

"पण तुम्ही सगळे इकडं कसे?" तिनं विचारलं. "फार्म तर तिकडं आहे."

इतका वेळ हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पास्टरांचा ट्रक मागून ओढून काढला, दहा मिनिटांत निघाला. पण मिबस घराणं, शेजारी, बाळ, मेंढ्यांचा ट्रक, सगळे तव्याच्या भलत्या बाजूला होते, आणि पलीकडून ओढायला तिथं ना विंच होती ना झाड. चिखल वाळेपर्यंत अख्खं घराणं हॅरोज वेलच्या चर्चच्या हॉलमध्ये मुक्कामाला राहिलं. मेंढ्यांना पाणी पाजायला लेस्टर आणि बुटक्या रोज पहाटे निघून चिखल तुडवत पलीकडं जात आणि संध्याकाळी गाणी ऐकायला परत येत.

पुढच्या बैठकीत ओल्गानं ट्रक पुन्हा मोजायचा ठराव मांडला. या वेळी समिती काट्याबाहेर सावलीत उभी राहिली. खिडकीतल्या माणसानं आकडा वाचला. ओल्गानं तो ऐकला, रॉसकडं पाहिलं, रॉसनं कुत्रीकडं पाहिलं, आणि या विषयावर हॅरोज वेलमध्ये पुन्हा कुणी बोललं नाही. छोटी, हलकी, दोराची विंच घ्यावी असं मात्र एकमतानं ठरलं. मोठी परत करायची.

ती अजून परत गेलेली नाही. कारण ठराव झाला त्याच आठवड्यात चर्चमधला फोन वाजला. पास्टरांनी उचलला.

"पास्टर," डॅगमारबाई म्हणाल्या, "इकडं पाऊस झालाय. रुतायला कधी येताय?"